खेळाच्या फाइली कोठे ठेवाव्या?

तेलगावच्या सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. गाळपाची यंत्रे हंगामभर जागच्या जागी असतात. वजनकाट्यावरची नोंद मात्र उसाच्या दर गाडीला वाढते. ही नोंद कोणी यंत्राच्या अंगावरच खडूने लिहिली, तर यंत्र पुसताना ती नाहीशी होईल. संगणकावरील खेळाचेही असेच आहे.

खेळात तीन प्रकारच्या फाइली असतात : आज्ञावली, चित्रे व ध्वनी, आणि गुणांची नोंद. पहिल्या दोन खेळताना बदलत नाहीत. तिसरी दर डावाला बदलते. सर्व एकाच फोल्डरात ठेवल्या, तर गुण लिहिण्यासाठी त्या फोल्डरात फेरफार करण्याची मुभा प्रत्येक खेळाडूला द्यावी लागते. मग शाळेच्या संगणकावरील आज्ञावली कोणीही बिघडवू शकेल. शिवाय नवी आवृत्ती बसवताना जुने फोल्डर काढले, की गुणही गेले!

लिनक्स प्रणालीसाठी फाइलींच्या मांडणीचे प्रमाण फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यातील खेळांच्या जागा अशा (संगणकात ही नावे रोमन लिपीत असतात) :

१. /यूएसआर/गेम्स – आज्ञावली.
२. /यूएसआर/शेअर/गेम्स – चित्रे, ध्वनी इत्यादी न बदलणारी सामग्री.
३. /व्हार/गेम्स – सर्वांच्या गुणांची, म्हणजे बदलती नोंद.

खेळाडूच्या स्वतःच्या आवडीनिवडी त्याच्या घर-फोल्डरात राहतात. ‘यूएसआर’ विभाग केवळ वाचनासाठी खुला ठेवला तरी खेळ चालतो, आणि राखीव प्रत फक्त बदलत्या नोंदींची काढली तरी भागते.

मग गुण लिहितो कोण? डेबियन या लिनक्स प्रणालीत ‘गेम्स’ नावाचा एक गट असतो. गुणांच्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार या गटाला देतात. आज्ञावली चालू असताना तिला तो अधिकार मिळतो. खेळाडूला स्वतःला मिळत नाही. त्यामुळे फाइल उघडून आपले गुण वाढवून घेता येत नाहीत. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला नेटहॅक हा खेळ डेबियनवर गुणांची नोंद /व्हार/गेम्समध्येच ठेवतो.

कोणत्याही फाइलीची जागा ठरवताना दोन प्रश्न विचारा : ही बदलते का? आणि बदलत असेल तर कोणी बदलावी?

करून पाहा : पुढील गोष्टी कोठे ठेवाल ते कारणासह लिहा – (अ) घोड्याच्या टापांचा आवाज, (आ) वर्गातील सर्वोच्च दहा गुण, (इ) एका विद्यार्थिनीने निवडलेली पटाची रंगसंगती.