कोटाच्या कॉलरीत काय दडलंय?

मुलांनो, आज कोटाचे शब्द. बाहेरचं ते कापड, आतलं ते अस्तर, आणि छातीला नि कॉलरीला ताठपणा देणारा मधला थर म्हणजे कॅनव्हास. खरी गोम तिथेच आहे.

लेवीय १९:१९ आणि अनुवाद २२:११ मध्ये शाटनेझ वर्ज्य आहे: लोकर आणि लिनन एका वस्त्रात नको. कापेलच्या थंडीत कोट लोकरीचाच हवा, आणि कॅनव्हास पुष्कळदा लिननचा! तयार कोटाच्या चिठ्ठीवर कॉलरीतल्या थराचं नाव बहुधा नसतंच. नुसत्या डोळ्यांनीही खात्री होत नाही. धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

घरी शिवला तर ही चिंता मिटते. रॉटरडॅमच्या बिनेनरोटे बाजारात मंगळवारी, शनिवारी कापड मिळतं. तिथे ‘वोल’ म्हणजे लोकर. कॅनव्हास मात्र शुद्ध सुती मागा. बटणांचा दोराही लिननचा नको.

अस्तर पाठीला मधोमध २-३ सेंटीमीटर जास्त कापून चुणी ठेवा. ते ताणत नाही, हात पुढे केला की काखेत उसवतं. खालची कड आधी कच्च्या टाक्याने धरा, मग हातशिलाई. मशीनची टीप बाहेरून दिसते. आजींनो, हा टाका मुलांना तुम्हीच दाखवा.