विजेवरील मोटार : ग्राहकांच्या शंका आणि उत्पादकांची स्पर्धा

मोटार विकत घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने घराखालोखाल मोठा खर्च होय. बहुतेक कुटुंबे तो कर्ज काढून करतात आणि एकदा घेतलेली मोटार आठ-दहा वर्षे वापरतात. त्यामुळे नव्या प्रकारची मोटार बाजारात आली, की ग्राहक चार पावले दूर राहूनच तिच्याकडे पाहतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बाबतीत भारतात हेच घडले. २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींत विजेवरील मोटारींचे प्रमाण शंभरात अडीचच्या आसपास होते. शासनाने करात सवलत दिली, कारखानदारांनी जाहिराती केल्या, तरीही हे प्रमाण एवढे अल्प का राहिले आणि जे ग्राहक वळले ते कशामुळे वळले, हे समजून घेणे उद्बोधक आहे. गावोगावी अशा बाबतीत सल्ला विचारला जातो तो शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि पंचायतीच्या सदस्यांना. म्हणूनही या प्रश्नाची नीट माहिती असणे अगत्याचे ठरते.

जुनी कल्पना, जुन्याच अडचणी

विजेवरील मोटार ही आजची कल्पना नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत अशा मोटारी मोठ्या संख्येने धावत होत्या. त्या आवाज करीत नसत, धूर सोडीत नसत आणि सुरू करण्यासाठी दांडा फिरवावा लागत नसे. पुढे १९१२ मध्ये पेट्रोलच्या मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि दांडा फिरवण्याचा त्रास संपला. त्या सुमारास तेथे पेट्रोलची मोटार सुमारे ६५० डॉलरला, तर विजेवरील मोटार १,७५० डॉलरला मिळत असे. शिवाय विजेवरील मोटारीची धाव शहराच्या वेशीपर्यंतच होती. किंमत आणि अंतर या दोन कारणांनी ती मागे पडली.

भारतात विजेवरील प्रवासी मोटार खऱ्या अर्थाने बाजारात आली ती २००१ मध्ये. बंगळूरच्या मैनी उद्योगसमूहाने ‘रेवा’ ही दोन दारांची छोटी मोटार तयार केली. एकदा चार्ज केल्यावर ती सुमारे ८० किलोमीटर धावत असे. हीच मोटार २००४ पासून ‘जी-विझ’ या नावाने लंडनमध्ये विकली जाऊ लागली आणि तेथे तिला चांगला ग्राहक लाभला. याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनच्या मध्यभागात मोटार नेण्यासाठी २००३ पासून कर द्यावा लागे आणि विजेवरील मोटारीला त्यातून सूट होती. भारतात असा कोणताही तातडीचा लाभ नसल्याने रेवा रस्त्यावर क्वचितच दिसे. २०१० मध्ये महिंद्र उद्योगसमूहाने ही कंपनी आपल्याकडे घेतली आणि २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ ही मोटार आणली. परंतु ग्राहकांची वृत्ती फारशी बदलली नाही.

चित्र पालटू लागले ते २०१९ नंतर. त्या वर्षी १ ऑगस्टपासून विजेवरील वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. जुलै २०१९ मध्ये ह्युंदाई कंपनीची ‘कोना’ आली, परंतु तिची किंमत २५ लाखांच्या घरात होती. जानेवारी २०२० मध्ये टाटा कंपनीने ‘नेक्सॉन’ मोटारीची विजेवरील आवृत्ती १३ लाख ९९ हजार रुपयांपासून विक्रीस आणली. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेली ही मोटार दिसायला, बसायला आणि सामान ठेवायला लोकांच्या परिचयाच्या मोटारीसारखीच होती. विजेवरील मोटार म्हणजे खेळण्यासारखी गाडी, हा समज या मोटारीने प्रथम दूर केला.

पहिली शंका : मध्येच चार्ज संपला तर?

ग्राहकाच्या मनातील पहिली शंका अंतराची असते. पुण्याहून सोलापूरला निघालेली मोटार इंदापूरच्या पुढे थांबली तर काय करायचे, हा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. पेट्रोल पंप ठिकठिकाणी असतात आणि पाच मिनिटांत टाकी भरते. चार्जिंग केंद्र सापडावे लागते, ते चालू असावे लागते आणि तेथे अर्धा-पाऊण तास थांबावे लागते.

या शंकेत भर पडली ती जाहिरातीतील आकड्यांमुळे. वाहनांची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांत ठरावीक परिस्थितीत होते. पहिल्या नेक्सॉनचे प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर होते. प्रत्यक्ष रस्त्यावर, वातानुकूलन चालू ठेवून, ते दोनशेच्या आसपास भरे. चाचणीचा आकडा खोटा नव्हता, पण ग्राहकाने तो आपल्या रस्त्याचा आकडा समजला आणि त्याचा हिरमोड झाला.

स्पर्धा वाढल्यावर उत्पादकांना या बाबतीत अधिक स्पष्ट व्हावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘कर्व्ह’ ही मोटार बाजारात आणताना टाटा कंपनीने मोठ्या बॅटरीच्या गाडीसाठी दोन आकडे दिले. चाचणीतील अंतर ५८५ किलोमीटर, तर शंभरापैकी पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल असे अंतर ४०० ते ४२५ किलोमीटर. ग्राहकाने नेहमी दुसऱ्या प्रकारचा आकडा विचारावा, हा यातील बोध होय.

दुसरी शंका : महाग वस्तू परवडेल का?

विजेवरील मोटारीच्या किमतीत बॅटरीचा वाटा सर्वांत मोठा असतो. जगात २०१० च्या सुमारास एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरहून अधिक खर्च येई; २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरवर आला. याचा परिणाम भारतातही दिसला. बॅटरीचा खर्च उतरल्याचे कारण देऊन टाटा कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या दोन मोटारींच्या किमती कमी केल्या. नेक्सॉनच्या बाबतीत ही घट १ लाख २० हजार रुपयांपर्यंत होती.

तरीही तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा विजेवरील मोटार अनेकदा महाग पडते. मग ती परवडते केव्हा? उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. पेट्रोल १०५ रुपये लिटर, मोटार लिटरमागे १५ किलोमीटर. वीज १० रुपये युनिट, मोटार युनिटमागे ६ किलोमीटर. आणि दोन मोटारींच्या किमतीतील फरक ४ लाख रुपये, असे धरू.

महिन्याला १,५०० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस पेट्रोलचा खर्च १०,५०० रुपये, तर विजेचा २,५०० रुपये येईल. वर्षाची बचत ९६ हजार रुपये. म्हणजे जादा दिलेले ४ लाख रुपये सुमारे चार वर्षांत वसूल होतील. परंतु महिन्याला ५०० किलोमीटरच प्रवास असेल, तर वर्षाची बचत ३२ हजार रुपयेच होईल आणि तेवढ्याच वसुलीस साडेबारा वर्षे लागतील. घरी चार्जिंगची सोय नसून सार्वजनिक केंद्रावर २० रुपये युनिटने वीज घ्यावी लागली, तर १,५०० किलोमीटर धावूनही वसुलीस सहा वर्षे लागतील.

या हिशेबात कर्जाचे व्याज व विमा धरलेला नाही. तसेच इंजिन तेल, गाळण्या यांवरील खर्च वाचतो, तोही धरलेला नाही. आपल्या भागातील दर घालून प्रत्येकाने तो पुन्हा मांडावा. शाळेतील वरच्या वर्गात गणिताचा एक तास यासाठी सहज देता येईल. हिशेबाचे सार इतकेच, की रोजचा प्रवास मोठा आणि चार्जिंग घरच्या घरी, अशा कुटुंबाला ही मोटार लाभदायक ठरते. सणासुदीलाच गाडी बाहेर काढणाऱ्याने घाई करण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने किमतींतील फरकाचे हे गणित अधिकच बारकाईने पाहावे लागते.

तिसरी शंका : बॅटरी किती दिवस टिकेल?

भ्रमणध्वनीची बॅटरी तीन-चार वर्षांत दुबळी होते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. मोटारीचेही तसेच झाले तर लाखो रुपयांचा भुर्दंड बसेल आणि जुनी गाडी कोणी विकत घेणार नाही, ही धास्ती ग्राहकास वाटते. त्यात २०२२ मध्ये विजेवरील काही दुचाकींना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि भीती वाढली. त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे नियम अधिक कडक केले.

टिकाऊपणाच्या प्रश्नावर उत्पादकांची खरी चढाओढ लागली. २०२० मध्ये नेक्सॉनच्या बॅटरीस आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी कंपनीच्या ‘विंडसर’ मोटारीने पहिल्या मालकास आजीवन हमी देऊ केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रच्या दोन नव्या मोटारींनी तेच केले आणि २०२५ मध्ये टाटा कंपनीलाही काही मोटारींसाठी त्या वाटेने जावे लागले. मात्र अशी हमी बहुधा पहिल्या मालकापुरती असते. मोटार विकल्यावर तिचे काय होते, हे कागदपत्रांत वाचून घेणे आवश्यक आहे.

विंडसरने आणखी एक मार्ग काढला. बॅटरीसह १३ लाख ५० हजार रुपयांना असलेली मोटार बॅटरीविना ९ लाख ९९ हजारांस द्यायची आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये घ्यायचे, अशी ही योजना होती. त्या वेळच्या घोषित दरांनुसार हिशेब केल्यास असे दिसते, की सुमारे एक लाख किलोमीटर धावल्यावर दिलेले भाडे हे वाचलेल्या रकमेइतके होते. ही सोय हप्त्याने पैसे देण्यासारखी आहे. तिला स्वस्ताई समजणे चुकीचे ठरेल. तथापि, सुरुवातीचा मोठा बोजा हलका होताच ग्राहक पुढे येतो, हे या मोटारीच्या खपाने दाखवून दिले.

स्पर्धेचे फलित

२०२३ पर्यंत देशातील विजेवरील मोटारींच्या बाजारात टाटा कंपनीचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक होता. २०२५ मध्ये तो निम्म्याखाली उतरला. एमजी आणि महिंद्र यांनी मोठी मजल मारली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले विक्रीदालन उघडले, परंतु सुमारे ६० लाख रुपयांपासूनची तिची मोटार सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची होती. एका कंपनीचा वाटा घटला, पण एकूण विक्री वाढली, ही बाब महत्त्वाची आहे. प्रत्येक नव्या प्रतिस्पर्ध्याने ग्राहकाची एखादी शंका हेरली आणि तिचे उत्तर दिले; इतरांना मग तसेच उत्तर द्यावे लागले.

स्पर्धेच्या आवाक्याबाहेरचे काम

काही प्रश्न मात्र कोणत्याही कंपनीच्या हाती नाहीत. घरगुती चार्जिंग हा त्यांपैकी पहिला होय. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ३० युनिटची बॅटरी भरण्यास आठ ते दहा तास लागतात, म्हणजे रात्र पुरते. या बाबतीत अंगण असलेले गावातील घर शहरातील सदनिकेपेक्षा सोयीचे आहे. परंतु त्यासाठी आर्थिंग निर्दोष हवे, तारा पुरेशा जाडीच्या हव्यात आणि मंजूर वीजभार पुरेसा आहे की नाही, याची महावितरणकडे खात्री करून घ्यावयास हवी. जुन्या वायरिंगवर रात्रभर भार टाकणे धोक्याचे आहे. शहरांत गृहनिर्माण संस्थेची संमती, मीटरची जागा आणि वाहनतळाची वाटणी यांवरून वाद होतात. ते सर्वसाधारण सभेत आधीच नियम ठरवून टाळता येतात.

दुसरा प्रश्न सार्वजनिक चार्जिंगचा. चार्जिंग केंद्र चालवण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. महामार्गालगतच्या गावांतील बचत गट, सहकारी संस्था किंवा उपाहारगृहांचे चालक यांना ही संधी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग येथे विजेवरील मोटारींना पथकरात सूट देण्याची तरतूद आहे. सवलतीने ग्राहक वळतो, याचे ठळक उदाहरण नॉर्वेचे आहे. तेथे अनेक वर्षे करमाफी व पथकरात सवलत मिळाल्यामुळे २०२४ मध्ये विकलेल्या शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ मोटारी विजेवरील होत्या.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. तालुक्याच्या गावी उच्च दाबाच्या विजेवर काम करू शकणारा कारागीर नसेल, तर ग्राहकाची शंका रास्तच म्हणावी लागेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना येथे मोठे काम आहे.

राज्य परिवहन महामंडळाची विजेवरील ‘शिवाई’ बस १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर धावू लागली, तेव्हा अनेकांनी विजेवरील वाहनातून पहिला प्रवास तिकीट काढून केला. अशा अनुभवाने नवलाई ओसरते आणि विचार सुरू होतो. सल्ला विचारण्यास येणाऱ्या ग्राहकाला चार प्रश्न विचारावेत : रोजचा प्रवास किती, घरी चार्जिंगची सुरक्षित सोय आहे काय, हमी कोणाला व किती काळ, आणि जवळचे दुरुस्ती केंद्र किती दूर? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर विजेवरील मोटार घेण्यास हरकत नाही. एखादे उत्तर अडले, तर ती उणीव कंपनीने दूर करावयाची, की गावाने आणि शासनाने, हे त्यातूनच कळून येईल.