अफवेचं तंत्रज्ञान : क्येल्त्से ते राईनपाडा

‘ज्यूद्वेष’ हा विषय आपल्या मासिकात पाहून थोडं आश्चर्य वाटेल. जळगाव-धुळ्यात ज्यू माणूस सहसा भेटत नाही. महाराष्ट्रातले बेने इस्राएल हे मूळ कोकणातले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर अशी आणि घरात मराठी. १९४८ नंतर त्यांतले बरेच जण इस्राएलला गेले, पण इथे छळ झाला म्हणून नव्हे. मग नेटवर ज्यूंबद्दल काय चाललंय याच्याशी हॉस्टेलच्या पोरांना काय करायचंय? एवढंच, की या द्वेषातली एक फार जुनी अफवा आपल्या धुळे जिल्ह्यातही येऊन गेली आहे, फक्त माणसं वेगळी होती.

ती अफवा अशी : हे लोक आपली मुलं पळवतात. ११४४ साली इंग्लंडमध्ये नॉर्विच गावाबाहेर एका मुलाचं प्रेत सापडलं. काही वर्षांनी एका मठातल्या साधूने ग्रंथ लिहून त्या खुनाचा आळ ज्यूंवर घातला. पुढे ‘मुलांचं रक्त सणाच्या भाकरीत घालतात’ अशी भर पडली आणि शेकडो वर्षं युरोपात त्यावरून माणसं मारली गेली. महायुद्धात साठ लाख ज्यूंची हत्या झाली, तरी अफवा संपली नाही. ४ जुलै १९४६ ला पोलंडमधल्या क्येल्त्से शहरात काय झालं ते बघा. आठ वर्षांचा एक मुलगा दोन दिवस गायब होता. परत आल्यावर सांगण्यात आलं, की ज्यूंनी त्याला तळघरात कोंडलं होतं. खरं म्हणजे तो ओळखीच्या लोकांकडे दुसऱ्या गावी गेला होता. ज्या इमारतीकडे बोट दाखवलं गेलं, तिला तळघरच नव्हतं! तरी जमावाने चाळीसहून जास्त ज्यूंना ठार मारलं. त्यात पोलीस आणि सैनिकही सामील होते.

आता १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सॲपवर परिसरात आधीपासूनच फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले. एका लहान मुलीशी त्यांच्यातला कोणी बोलला एवढं निमित्त झालं, असं सांगतात. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन पाचही जणांना मारून टाकलं. त्याच दिवशी मालेगावात पोलिसांनी अशाच जमावातून पाच जणांना वाचवलं, त्यात दोन वर्षांचं मूल होतं.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेची मुलांच्या सुरक्षिततेची जाहिरात होती. तिच्या शेवटी मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. फिरवणाऱ्यांनी तेवढा शेवट कापला होता.

म्हणजे अफवेला तंत्रज्ञान लागतच नाही, क्येल्त्सेत ती पायी फिरली. पण तंत्रज्ञान मिळालं की काय होतं, हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं. २००४ मध्ये गूगलवर ‘ज्यू’ हा इंग्रजी शब्द टाकला, की सर्वात वर एक ज्यूद्वेष्टी साईट यायची. गूगलमध्ये कोणी तसं ठरवलं नव्हतं, तिथल्या दोन संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिन स्वतः ज्यू घरातला. पण हा सुटा शब्द द्वेष करणारेच जास्त वापरत, आणि अल्गोरिदम शब्द नि लिंक मोजतो, हेतू मोजत नाही. गूगलने निकाल हाताने बदलायला नकार दिला आणि वर खुलासा लावला. मग लोकांनीच विकिपीडियाच्या पानाला भराभर लिंक देऊन ते वर नेलं.

२०१६ मध्ये द्वेष करणारे ज्यू माणसाच्या नावाभोवती तीन-तीन कंस टाकायला लागले. सर्च इंजिन विरामचिन्हं सोडून देतं, त्यामुळे ही खूण शोधून सापडत नसे. असे कंस आपोआप लावणारं एक्स्टेन्शनसुद्धा निघालं होतं. गूगलने ते काढून टाकलं, आणि कित्येक लोकांनी, ज्यू नसलेल्यांनीही, आपल्याच नावाला कंस लावून त्या खुणेतली हवा काढली. पण सगळं इतकं हलकंफुलकं राहत नाही. राईनपाड्यानंतर चारच महिन्यांत, २७ ऑक्टोबर २०१८ ला, अमेरिकेत पिट्सबर्गच्या प्रार्थनास्थळात ११ ज्यू मारले गेले. मारेकऱ्याने निघण्याआधी नेटवर पोस्ट टाकली होती.

(आणि आपल्या मेसमध्ये वीज गेली की कोणीतरी म्हणतोच, ‘या देशाला हिटलरच पाहिजे.’ असो.)

उपाय काय झाले? फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन दहशतवादी व्हिडिओंच्या ‘हॅश’ची सामायिक यादी सुरू केली, म्हणजे एकाने पकडलेला व्हिडिओ दुसऱ्यालाही ओळखता येतो. ज्यूंचं हत्याकांड झालंच नाही असं सांगणाऱ्या पोस्टवर फेसबुकने बंदी घातली ती २०२० मध्ये. माझ्या मते फारच उशिरा.

व्हॉट्सॲपचं कोडं वेगळं आहे. तिथला मेसेज एन्क्रिप्टेड, कंपनीलाही वाचता येत नाही. म्हणून त्यांनी मजकुराऐवजी वेग पकडला. जुलै २०१८ मध्ये ‘फॉरवर्डेड’ हे लेबल आलं, आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा. पण गणित करा : ग्रुप म्हणजे एकच चॅट, आणि तेव्हा ग्रुपमध्ये २५६ जण मावत. पाच ग्रुप म्हणजे १,२८०. त्या प्रत्येकाने तेच केलं तर दुसऱ्याच पायरीला १६ लाखांच्या वर! तीच माणसं अनेक ग्रुपांत असतात, म्हणून खरा आकडा बराच कमी येतो. तरी साक्री तालुक्याला पुरून उरेल. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज, ज्यावर दोन बाण दिसतात तो, एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं.

यात कुठेच मजकूर खरा की खोटा हे कोणी तपासत नाही. आणि मजकूर तपासणारी यंत्रं जिथे आहेत तिथेही अहिराणीचं काय? अहिराणी कोणी देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरांत, आणि बरेच जण सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. कॉम्प्युटर किंवा ईएनटीसीच्या कोणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट सुचत नसेल तर अहिराणी व्हॉइस मेसेजचा डेटा गोळा करण्यापासून सुरुवात करता येईल. गावाकडचे ग्रुप तर सगळ्यांकडेच आहेत.