पत्र्याचे छप्पर

कौले उतरवून त्या जागी पत्रे चढविणे, हे कोकणातील गावांतून आता नेहमीचे दृश्य झाले आहे. कौलारू छपराची शाकारणी दरवर्षी करावी लागते, माकडे कौले फोडतात आणि शाकारणारा माणूस वेळेवर मिळत नाही. पत्र्याला हा जाच नसतो. मात्र तो हलका असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक घरांवरील पत्रे उडून गेले. छपराची मजबुती पत्र्याइतकीच त्याच्या जोडणीवर अवलंबून असते.

सपाट पत्रा दोन्ही टोकांना धरून उचलला, तर मध्येच लवतो. त्याला पन्हळी पाडल्या, की तोच पत्रा ताठ होतो. इंग्लंडमधील हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. गंजाचा प्रश्न मात्र उरलाच होता. १८३७ मध्ये फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. जस्ताचा गुण मोठा विलक्षण आहे. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी भोवतालचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचविते. म्हणून पत्रा घेताना लेपाचीही चौकशी करावी. तो दर चौरस मीटरला किती ग्रॅम, अशा मापात सांगतात. १२० ग्रॅमपेक्षा २७५ ग्रॅमचा लेप अधिक काळ टिकतो. जाडी मात्र पुष्कळदा ‘गेज’मध्ये सांगितली जाते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ! येथे अनेकांची फसगत होते.

पत्रे ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर किंवा पाइपांवर बसवितात, त्यांना कारागीर ‘पर्लिन’ म्हणतात. पूर्वी इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचे हूक आणि डांबरी वॉशर वापरीत. आता स्वतःच छिद्र पाडत आत जाणारे स्क्रू आणि रबरी वॉशर आले आहेत. पन्हळी पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर मारावा, कारण खोलगट भागातून पाणी वाहते. वॉशर किंचित दबेल इतकाच तो आवळावा. अधिक आवळल्यास रबर चिरते आणि गळती तेथूनच सुरू होते. छिद्रे पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा, नाहीतर तो गंजून पत्र्यावर डाग पाडतो. पत्र्यावर पत्रा चढविताना वाऱ्याची दिशा पाहावी आणि जोडाची उघडी कड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस ठेवावी.

वारा छपराला नुसता ढकलीत नाही, तो त्याला वर उचलतोही. ही ओढ कोपऱ्यांवर, वळचणीला आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. म्हणून तेथे स्क्रू अधिक दाट लागतात. स्क्रू पत्र्याला पर्लिनशी बांधतो. पण पर्लिन भिंतीवर नुसतीच टेकवलेली असेल, तर पत्रा आणि पर्लिन दोन्ही एकत्रच उडतात. ती कैचीला आणि कैची भिंतीत पुरलेल्या बोल्टांना पक्की जखडलेली असावी लागते.