पोलादी गार्ड आणि आतील माणूस

सातारा, कराड, पेठ नाका आणि तेथून सांगली या मार्गावर जीप-मोटारींच्या तोंडाशी मागाहून बसविलेले पोलादी नळ्यांचे गार्ड अनेकदा दृष्टीस पडतात. ‘गार्ड असला म्हणजे गाडी वाचते’ ही त्यामागील समजूत. ती अगदीच निराधार नव्हे. किरकोळ धक्क्यात दिवे व बॉनेट खरोखरच वाचतात. प्रश्न आहे तो आतील माणसांचा.

ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली व तिचा पुढील भाग अर्धा मीटर चेपून ती थांबली, असे समजू. पट्टा बांधून बसलेल्या ७० किलो वजनाच्या माणसावर त्या क्षणी सरासरी सुमारे १,६०० किलोचा भार येतो. गार्डमुळे चेपण्याचे अंतर निम्मे झाले, तर तोच भार ३,२०० किलो होईल. उडी मारणाऱ्यासाठी हौदात वाळू का घालतात, हे शाळेतील मुलांना ठाऊक असते; तत्त्व तेच. पत्रा चेपतो तो निकृष्ट असल्यामुळे नव्हे, तर तशी योजना केलेली असते म्हणून. बेला बारेनी या अभियंत्याची ही कल्पना १९५९ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत प्रत्यक्षात उतरली.

एअरबॅग केव्हा उघडावी, हेही कारखान्यात मूळ बांधणीवरूनच ठरविलेले असते. पुढे गार्ड जोडला की त्या वेळेत फरक पडू शकतो, आणि येथे सेकंदाच्या शतांशालाही मोल आहे.

बाहेरच्या माणसाचा विचार तर क्वचितच होतो. उसाच्या हंगामात याच रस्त्यांच्या कडेने बैलगाड्या, सायकली व पायी चालणारे तोडणी मजूर असतात. मूळ बंपर व बॉनेट काहीसे दबतात. पोलादी नळी दबत नाही. तिची उंची लहान मुलाच्या छातीशी किंवा डोक्याशी येते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनात असा अनधिकृत बदल करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकास प्रत्येक बदलाबद्दल ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहन शासकीय आहे, ही सबब येथे चालत नाही. तपासणीचा आरंभ कार्यालयाच्या आवारातूनच करणे बरे. गार्ड उतरविताना मूळ बंपर कापलेला वा त्याचे जोड सैल झालेले आढळल्यास तो अधिकृत दुरुस्ती केंद्रातून पूर्ववत करून घ्यावा.