आवाजांची चिकटवही

पोस्टाची तिकिटे किंवा नाणी जमवणारे मित्र तुम्हांला माहीत असतील. आवाज जमवणारा मात्र क्वचितच भेटतो. हा छंद फारसा खर्चाचा नाही आणि त्यात ध्वनिशास्त्राचे अनेक धडे आहेत.

परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावच्या जात्यावरच्या ओव्या १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून कार्यकर्त्यांच्या मदतीने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्याच संग्रहात ही मुद्रणे आहेत. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओवीचे शब्द वहीत उतरवता येतात; तिची चाल, गळ्यातला कंप, मध्येच घेतलेला श्वास मात्र मुद्रणातच टिकतो.

जमवलेले आवाज जोडून नवी रचनाही करता येते. पॅरिसच्या पियेर शेफेर यांनी १९४८ साली आगगाडीचे आवाज तबकडीवर मुद्रित करून त्यांतूनच एक संगीतरचना केली. पूर्णा जंक्शनजवळ राहणाऱ्यांना असे आवाज रोजचेच!

तबकडीमागून चुंबकीय फीत रुळली आणि हे काम सोपे झाले. फितीवर वेळ म्हणजे लांबी. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा आवाज साडेनऊ सेंटिमीटरच्या तुकड्यात मावतो. तो कापून दुसरीकडे चिकटवता येतो. फीत निम्म्या वेगाने वाजवली तर वेळ दुप्पट लागतो आणि वारंवारता निम्मी होते. सेकंदाला २५६ कंपनांचा स्वर १२८ चा होतो, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली उतरतो.

दोन आवाज एकदम जोडले की सांध्यावर बऱ्याचदा ‘टक्’ असा आवाज येतो. असे का? पहिली ध्वनिलहर अर्धवट तुटते, दुसरी भलत्याच ठिकाणी सुरू होते आणि ध्वनिवर्धकाचा पडदा दचकल्यासारखा हलतो. म्हणून फीत तिरपी कापत. त्यामुळे पहिला आवाज मावळत असताना दुसरा उगवे. मोबाइलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. तेथे हेच काम गणिताने होते.

करून पाहा :

१. उखळातले मुसळ, रहाटाची करकर, शाळेची घंटा असे चार आवाज मोबाइलवर मुद्रित करा.

२. प्रत्येकाची नोंद ठेवा : तारीख, वेळ, ठिकाण, कशाचा आवाज, किती अंतरावरून. माणसाचा आवाज असेल तर आधी परवानगी घ्या.

३. मूळ मुद्रण बाजूला ठेवून प्रतीवर काम करा. दोन आवाज आधी एकदम जोडा. मग एकाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ सेकंदाच्या काही शतांश भागाएवढा एकमेकांत मिसळा. फरक ऐका.

ओवीखाली आगगाडीचा ठेका जोडलात तर कानाला गोड लागेलही; पण ती गाडी त्या अंगणात कधी आलीच नव्हती. म्हणून अशा रचनेवर ‘जोडलेले’ असे स्पष्ट लिहा. आजी जात्यावर काय आणि कसे गात होती, हे उद्या कोणी विचारले तर उत्तर तुमच्या रचनेत मिळणार नाही. ते मूळ मुद्रणातच सापडेल.