ट्यूब काढलीस, आता ऐक

सायकल ट्यूबलेस केली की पंक्चरची कटकट मिटली, असं दुकानदार तुला सांगेल. अर्धंच खरं आहे ते. पंक्चर होतच राहणार, फक्त आतला सीलंट तुझ्या नकळत ती बुजवत राहणार. आणि तो वाळला की तुझ्या टायरात ना ट्यूब, ना सीलंट. रस्त्यावरचं काम घरी आणून ठेवलंयस तू, एवढं लक्षात असू दे.

आपल्या टेकड्यांवर मी तरी ट्यूबलेसच वापरीन. पावसाळा संपला की सराटे वाळून कडक होतात, आणि शेताच्या वाटांवर बाभळी-बोराटीच्या कुंपणाची शिरी पसरलेली असते. असल्या काट्याचं भोक सीलंट सहज बुजवतो. आतली हवा त्याला भोकाकडे ढकलते, तिथे रबराचा चीक आणि त्यातले बारीक कण अडकतात आणि जागीच घट्ट होतात. दगडाच्या धारेनं टायरची बाजू फाटली, तर मात्र त्याच्याकडून आशा धरू नकोस.

सीलंट किती टिकेल, त्याबद्दल बाटलीवर दोन ते सात महिने असं काहीतरी लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत त्यातला फक्त पहिला आकडा वाच. चाक काढून कानाशी हलव, खळखळ ऐकू आली तर ठीक. २९ इंची, २.३ रुंदीच्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर लागतो. ओतण्याआधी बाटली चांगली हलव. ताक ढवळल्याशिवाय वाढत नाहीत, तसंच हे. भोक बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात, वरचं पाणचट ओतून उपयोग नाही. आणि स्कूटरच्या टायरात घालतात तो दाट जेल कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस.

खरी मेख टेपमध्ये असते. हवा जात राहिली की लोक टायरला दोष देतात, आणि दहांतल्या नऊ वेळा रिमची टेप सुटलेली असते. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद टेप घे. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, पूर्ण वाळू दे, मग टेप ताणून ताणून लाव आणि शेवटी बोटभर लांबीचं टोक पहिल्यावर चढव. व्हॉल्व्हचं भोक कात्रीनं कापू नकोस, टोकदार दाभणानं पाड, म्हणजे कडा फाटत नाहीत. टायर चढवताना लिव्हर प्लॅस्टिकचेच वापर. लोखंडी लिव्हर टेप कापतो आणि तुला दिसतही नाही.

टायर बसवताना कडेला साबणाचं पाणी लाव, व्हॉल्व्हचा कोअर काढ आणि एकदम जोरात हवा भर. पायपंपानं जमलं नाही, तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा काँप्रेसर आहेच. सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा अॅडॉप्टर मात्र खिशात ठेव, तो त्याच्याकडे नसतो. हवा अंदाजानं भरू देऊ नकोस. टायरवर आणि रिमवर कमाल दाब लिहिलेला असतो, दोन्हींतला कमी तो आपला. ‘ठप्प, ठप्प’ असे आवाज आले की कडा बसल्या. मग कोअर काढलेल्या वाटेनं सीलंट घाल, कोअर परत लाव, हवा भर, आणि चाक दोन्ही कुशींवर आलटून पालटून बादलीवर आडवं ठेव. हे कशासाठी, तर मावीक या चाकांच्या कंपनीनं मिशलँ आणि हचिन्सन या टायर कंपन्यांबरोबर १९९९ साली आणलेल्या पहिल्या ट्यूबलेस टायरांना सीलंट लागतच नसे, पण ते जड होते. आताचे हलके टायर बाजूंमधून हवा सोडतात. त्या बाजू सीलंटनं माखाव्या लागतात. नवा टायर पहिल्या रात्री उतरला म्हणून घाबरायचं कारण नाही.

दाबाबद्दल कुणाचा आकडा उसना घेऊ नकोस, माझाही नको. तरी सुरुवात म्हणून, सत्तर किलोच्या माणसानं पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआय ठेवावा. मग एकेक पीएसआय कमी करत जा. वळणावर टायर कलंडल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिम ‘टक्’ वाजली की दोन वाढव आणि तिथेच थांब. ट्यूब चिमटीत सापडून फुटण्याची भीती गेली म्हणून अती खाली जाणारे लोक रिम चेपून घेतात. मोजायला छोटा डिजिटल गेज घे. मोठ्या पंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला थापा मारतो.

हवा भरताना, सोडताना व्हॉल्व्ह तळाशी नसू दे, नाहीतर सीलंट त्यात शिरून कोअर चिकटतो. एक जादा कोअर जवळ असावा. कार्बन डायऑक्साइडचं काडतूस टाळच. काही सीलंट त्यानं गोठतात, हातपंप बरा. वाटेत काटा दिसला आणि हवा जात नसेल, तर घरी येईपर्यंत राहू दे. उपटायचाच झाला तर भोक खाली येईल असं चाक फिरवून उपट. मोठ्या भोकाला प्लगची पट्टी.

आणि ट्यूब बरोबर ठेवच. टायर पुरताच फाटला तर तीच घरी आणते. घालण्याआधी टायर आतून चाचप, हातमोजा घालून. महिनोनमहिने गपचूप बुजलेल्या काट्यांची टोकं आत तशीच उभी असतात, ट्यूब घातलीस की लगेच फुटेल. व्हॉल्व्हचा नट घरी पकडीनं आवळू नकोस, बोटांनी आवळ. ट्यूब घालायची तर तो व्हॉल्व्ह काढावा लागतो, आणि टेकडीवर पकड कुठून आणशील?